दिनविशेष : १४ मार्च १९०३
अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निसर्गलेखक जॉन म्यूर यांना पत्र लिहिले. योसेमिटी तुम्हीच दाखवा, सोबत दुसरे कोणी नको, चार दिवस राजकारण अजिबात नको, असा त्याचा आशय. मे महिन्यात दोघांनी तीन रात्री उघड्यावर काढल्या. एका रात्री अंगावर बर्फही पडले. पण राजकारण सुटते कुठे! योसेमिटीचे खोरे कॅलिफोर्निया राज्याकडे होते, कारभार ढिसाळ. ते केंद्राने घ्यावे, हा म्यूर यांचा हट्ट १९०६ मध्ये पुरा झाला. पत्राच्याच दिवशी रूझवेल्ट यांनी फ्लोरिडातील पेलिकन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले.