दक्षिणा फेलो आणि गणिताचा विद्यार्थी-अध्यापक

सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट या पूर्वीच्या संस्थानाचा एकोणिसाव्या शतकातील दोन विख्यात अध्यापकांशी संबंध आला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी १८३४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत सहायक अध्यापकाचे पद स्वीकारण्यापूर्वी काही काळ तेथील राजपुत्राला शिकविले. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांनी १८६८ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन पत्करण्यापूर्वी त्याच संस्थानचे कारभारीपद सांभाळले. या दोघांच्या चरित्रांत आणखी एक साम्य आढळते. त्यांचे शिकणे कोठे संपले व शिकविणे कोठे सुरू झाले, हे दाखविणारी स्पष्ट रेषा आखता येत नाही. विद्यार्थ्यानेच विद्यार्थ्याला शिकवावे ही पद्धती महाराष्ट्रात, विशेषतः गणिताच्या संदर्भात, कोणकोणत्या रूपांत नांदली आणि पुढे ती क्षीण का झाली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या पद्धतीचे सर्वांत जुने परिचित रूप म्हणजे पंतोजीची शाळा होय. तेथे अंकगणित हे मुख्यतः मुखोद्गत करण्याचे शास्त्र होते. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी यांचा परवचा एक थोराड मुलगा मोठ्याने म्हणे आणि बाकीची मुले त्यामागून म्हणत. पंतोजी एकच असे. मुले मात्र निरनिराळ्या पायऱ्यांवरची असत. त्यामुळे वरच्या मुलाने खालच्याकडून म्हणवून घेणे ही केवळ सोय नव्हती, ती त्या शाळेची रचनाच होती. शिवाय अपूर्णांकांचे पाढे वर्षानुवर्षे इतरांकडून म्हणवून घेणाऱ्या मुलाच्या जिभेवर ते कायमचे बसत. शिकविणे हीच त्याची उजळणी असे.

अशाच स्वरूपाची देशी रीत मद्रास येथे अँड्र्यू बेल यांच्या पाहण्यात आली व तिच्या आधारे त्यांनी अनाथ मुलांच्या शाळेत प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १७९७ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनीही त्याच सुमारास तत्सम पद्धती चालविली. थोड्या खर्चात पुष्कळ मुलांना शिकविण्याचे साधन म्हणून ती इंग्लंडात गाजली आणि मुंबई इलाख्यातील नव्या शाळांत परत आली. जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची मराठी पुस्तके तयार होत होती, तो हाच काळ होय. या प्रवासात पद्धतीचा हेतू मात्र पालटला. पंतोजीच्या शाळेत वरच्या मुलाचा लाभ गृहीत होता. नव्या व्यवस्थेत शिक्षकाचे वेतन वाचविणे हा विचार प्रबळ झाला.

उच्च शिक्षणात या प्रथेला वेगळे वळण मिळाले. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेले दादाभाई नौरोजी १८४५ मध्ये, विशीत असतानाच, तेथे मुख्य देशी साहाय्यक झाले. १८५० मध्ये गणित व सृष्टिशास्त्र या विषयांचे सहायक अध्यापक व पुढे काही वर्षांतच प्राध्यापक झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांना तर वयाची विशी गाठण्यापूर्वीच कुलाबा वेधशाळेत ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम मिळाले. वेध घेणे, नोंदी करणे व गणित मांडणे यांतून त्यांची विद्या पक्व झाली. पुढे पुण्यास ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. १८४८ मध्ये स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुण सभासदांनी पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा उघडून तेथे विनावेतन शिकविले. अध्यापन हे विद्यार्थिदशेचेच अंग आहे, ही भावना त्या पिढीत रुजलेली होती.

या भावनेला नियमित पदाचे स्वरूप आले ते दक्षिणा फेलोशिपमुळे. दाभाड्यांनी तळेगावास सुरू केलेली विद्वान ब्राह्मणांची दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यास चालविली. इंग्रजी अंमलात तिचा संकोच झाला. त्या निधीच्या आधारे १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादी प्रभृतींनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा असा अर्ज केला. त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर याच निधीतून महाविद्यालयांत फेलो नेमण्यात येऊ लागले. १८५९ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. दोघेही १८६२ मध्ये बी. ए. होण्यापूर्वीच दक्षिणा फेलो झाले. रानड्यांना प्रथम दरमहा ६० रुपये व पुढे वरिष्ठ फेलो म्हणून १२० रुपये मिळत. फेलोने स्वतःचा अभ्यास चालवावा आणि खालच्या वर्गांस शिकवावे, अशी ही योजना होती. पूर्वी जी रक्कम संपादन केलेल्या विद्येच्या सन्मानार्थ दिली जाई, ती आता संपादन होत असलेल्या विद्येच्या विनियोगासाठी दिली जाऊ लागली. या स्थित्यंतराचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही.

या पदाची अडचणही लवकरच प्रत्ययास आली. मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला उणे ठरविणारा निबंध रानड्यांनी लिहिला, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांचे वेतन सहा महिने बंद ठेवले, असे चरित्रकार सांगतात. निबंध लिहिला तो विद्यार्थ्याने. शिक्षा झाली ती वेतनधारकाला. फेलो हा एकाच वेळी शिष्य, सहकारी व आश्रित होता. या तिहेरी नात्यात त्याचे स्वातंत्र्य कोणाच्याही मर्जीवर अवलंबून राहणे अटळ होते.

गणिताच्या बाबतीत या पदाची उपयुक्तता विशेष आहे. गणिताच्या अध्यापनाची दोन अंगे असतात: सिद्धांताचे विवरण आणि उदाहरणांचा सराव. पहिल्यासाठी विषयाचा विस्तृत व्यासंग हवा. दुसऱ्यासाठी मात्र नुकताच त्याच वाटेने गेलेला साथी अनेकदा अधिक उपयोगी ठरतो. मर्यादेची व्याख्या वाचताना ‘प्रत्येक’ आणि ‘एखादा’ या शब्दांचा क्रम उलटला की अर्थ कसा बिघडतो, हे निष्णात प्राध्यापकाला इतके स्वाभाविक झालेले असते की विद्यार्थी नेमका कोठे अडला ते त्याच्या ध्यानी येत नाही. दोन वर्षांपूर्वी स्वतः तेथेच अडलेल्याला ते ताबडतोब कळते. शिवाय दुसऱ्याच्या वहीतील चूक शोधताना आपण पाठ केलेली सिद्धता आपल्याला खरोखर समजली होती की नाही, याचीही परीक्षा होते.

असे असता ही प्रथा टिकली का नाही? याचे मुख्य कारण विद्यापीठाच्या रचनेत सापडते. संलग्न महाविद्यालयांच्या व्यवस्थेत सर्व भार वर्षअखेरच्या बाह्य परीक्षेवर पडला. वर्षभर सोडविलेल्या उदाहरणांना गुण नव्हते. म्हणून ती तपासणाऱ्या साहाय्यकालाही स्थान उरले नाही. फेलोपद पुढे प्रामुख्याने पदवीधरांकडे गेले, आगरकर बी. ए. झाल्यानंतरच दक्षिणा फेलो झाले. सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये व संगमेश्वर महाविद्यालय १९५३ मध्ये सुरू झाले, तेव्हा ही परंपरा खंडित झालेली होती. येथील महाविद्यालये क्रमाने मुंबई, १९४९ पासून पुणे, १९६२ पासून शिवाजी आणि २००४ पासून सोलापूर विद्यापीठाशी जोडली गेली. विद्यापीठे बदलली, तरी विद्यार्थी-अध्यापकाचे पद पुन्हा निर्माण झाले नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने विद्यार्थ्याच्या श्रमाला प्रतिष्ठा दिली; तथापि महाविद्यालयांत त्या योजनेखाली दिले जाणारे काम बहुधा ग्रंथालय, कार्यालय वा बाग यांतले राहिले, वर्गातले क्वचितच.

सारांश, विद्यार्थ्याकडून गणित शिकविणे ही परकीय कल्पना नाही. पंतोजीच्या ओसरीपासून दक्षिणा फेलोपर्यंत तिचे धागे याच प्रदेशात सापडतात. ती जेव्हा केवळ काटकसरीचे साधन झाली, तेव्हा तिचे सत्त्व हरपले. जेव्हा तिच्यामागे अभ्यास व मानधन या दोहोंची तरतूद होती, तेव्हा तिने रानडे-भांडारकरांसारखे अध्यापक दिले. अंतर्गत मूल्यमापनामुळे वर्षभराच्या वह्यांना आता पुन्हा मोल आले आहे. त्या वह्या कोणी व कोणत्या अटींवर तपासाव्यात, हा प्रश्न दक्षिणा निधीच्या इतिहासाने पूर्वीच विचारून ठेवलेला आहे.