दहावा कर्मचारी आणि मालकाची जबाबदारी

दोन-तीन माणसांवर सुरू झालेला व्यवसाय वाढतो, तशी कर्मचाऱ्यांची संख्याही वाढत जाते. मात्र हजेरीपटावर दहावे नाव चढले, की कायद्याच्या दृष्टीने आस्थापनेचे स्वरूप बदलते, याची जाणीव अनेक लघुउद्योजकांना उशिरा होते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा, ग्रॅच्युइटी व प्रसूतिलाभ यांचे वेगवेगळे कायदे तिच्यात एकत्र आले. तरीही दहा आणि वीस हे टप्पे कायम आहेत.

दहा कर्मचाऱ्यांचा टप्पा

दहा कर्मचारी असलेल्या आस्थापनेला कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. २०१७ मध्ये या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये झाली. जुलै २०१९ पासूनच्या दरानुसार मालकाचा वाटा ३.२५ टक्के, तर कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के आहे. १६,००० रुपये वेतनावर मालकाचे ५२० व कर्मचाऱ्याचे १२० रुपये जमा होतात. त्या बदल्यात कुटुंबाला वैद्यकीय उपचार आणि आजारपणात कर्मचाऱ्याला रोख भत्ता मिळतो. वर्गणी थकविलेली असताना अपघात घडल्यास, दिलेल्या लाभाची रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते.

ग्रॅच्युइटीही याच टप्प्यावर देय ठरते. पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचे वेतन, असा हिशेब आहे. अखेरचे वेतन १३,००० रुपये आणि सेवा आठ वर्षे असेल, तर वेतनाला २६ ने भागून ६०,००० रुपये होतात. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला आता एका वर्षानंतरही हा हक्क मिळतो. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरची रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे मूळ वेतन कमी दाखवून देणी घटविण्याची वाट अरुंद झाली आहे.

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन प्रसूती रजा द्यावी लागते. २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही नेमावी लागते; ती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वीस कर्मचाऱ्यांचा टप्पा

वीस कर्मचारी झाले, की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. दोघांचा वाटा सर्वसाधारणपणे १२ टक्के असतो. १५,००० रुपये वेतनावर प्रत्येकी १,८०० रुपये भरावे लागतात. मालकाच्या वाट्यातील सुमारे १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेकडे जातात.

मोजणीतील चूक

कंत्राटदारामार्फत आलेले कर्मचारीही या संख्येत मोजले जातात. तसेच एकदा तरतूद लागू झाली, की पुढे कर्मचारी कमी झाले म्हणून ती आपोआप संपत नाही.

सर्वांत गंभीर बाब कपातीची आहे. पगारातून कापलेली वर्गणी मालकाचे खेळते भांडवल नसते. पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ती भरावी लागते. न भरल्यास व्याज व नुकसानभरपाई द्यावी लागतेच, शिवाय फौजदारी विश्वासघाताचा गुन्हाही दाखल होऊ शकतो. मंदीच्या महिन्यात ही रक्कम अन्यत्र वळविणाऱ्या मालकाला ती सोयीची उसनवारी वाटते. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती त्याच्या उतारवयाची शिदोरी असते.