सैतानाची नखं



वाईहून पाचगणीला निघालं की पसरणीचा घाट लागतो. घाटाच्या पायथ्याशी आमच्या मामूंचं गॅरेज होतं. चढावर इंजिन तापलं की ट्रकवाले तिथंच येऊन थांबायचे. मामू हत्यार उचलण्याआधी इंजिनाला कान लावायचे. म्हणायचे, "बेटा, पळवणं कुणालाही जमतं. टिकवणं, हा हुन्नर." मी तेव्हा बी.ए. करत होतो, वहीत कविता खरडत होतो. त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो पुढं, एका जपानी गाडीची हकिगत वाचताना.

ही गाडी माझ्दा कंपनीची; कारखाना हिरोशिमाजवळचा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा मधल्या टेकडीच्या आडोशानं कारखाना बचावला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथं पुन्हा तीनचाकी मालगाड्या तयार होऊ लागल्या.

१९६१ साली कंपनीनं जर्मनीतल्या फेलिक्स वांकेल यांच्या इंजिनाचा परवाना घेतला. नेहमीच्या इंजिनात पिस्टन खालीवर होतो. इथं फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरागरा फिरतो. इंजिन लहान, हलकं. पण त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या आतल्या भिंतीला ओरखडे पाडायच्या. जपानी लोकांनी त्या ओरखड्यांना नाव दिलं, 'सैतानाच्या नखांच्या खुणा'. केनिची यामामोतो आणि त्यांचे सत्तेचाळीस इंजिनिअर त्या नखांमागं लागले. १९६७ साली हे इंजिन बसवलेली 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या चौऱ्याऐंशी तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. एक बंद पडली, दुसरी चौथी आली.

खरी कसोटी मात्र फ्रान्समध्ये, ल मां इथं. चोवीस तास गाडी पळवायची. ड्रायव्हर बदलतात, गाडी बदलत नाही. १९९० साली माझ्दाच्या नव्या ७८७ गाड्या तिथं अर्ध्यातच थांबल्या. हार न मानता त्यांनी ७८७बी घडवली. चार त्रिकोणांचं २.६ लिटरचं इंजिन, ताकद सुमारे ७०० अश्वशक्ती. पट्ट्या आता सिरॅमिकच्या. संघानं आयोजकांपुढं बाजू मांडून वजनाची सवलतही मिळवली. मर्सिडीज, जॅग्वार १,००० किलोच्या. ही ८३० किलोची.

२२ जून १९९१. नारिंगी-हिरवी, ५५ क्रमांकाची ही गाडी एकोणिसाव्या जागेवरून सुटली. वाइडलर, हर्बर्ट आणि गाशो हे तिघे आळीपाळीनं चालवत होते. दुसऱ्या दिवशी, शेवटचे तीनेक तास उरले असताना आघाडीची मर्सिडीज तापून बंद पडली. माझ्दा ३६२ फेऱ्या, म्हणजे सुमारे ४,९२३ किलोमीटर धावून पहिली आली. ल मां जिंकणारी ही पहिली जपानी गाडी. शेवटची पाळी ओढणारा जॉनी हर्बर्ट गाडीतून उतरला आणि कोसळला. विजयमंचावर त्याची जागा रिकामीच राहिली. नंतर इंजिन उघडून पाहिलं, तर ते ठणठणीत!

आणि पुढच्या वर्षी? नवे नियम आले. इंजिन साडेतीन लिटरचं, पिस्टनचंच हवं. तीस वर्षं घासूनपुसून सिद्ध केलेलं यंत्र जिंकलं आणि दाराबाहेर गेलं.

मामूंचंही तसंच झालं. संगणकानं चालणारी इंजिनं आली, कान लावून काही कळेना. एके दिवशी त्यांनी शटर खाली ओढलं. त्यांचा हुन्नर खोटा ठरला नव्हता. फक्त नियम बदलले होते. हे त्यांना सांगायचं माझ्या मनात होतं. ते राहूनच गेलं.

२०११ साली ल मांनं हर्बर्टला बोलावलं. त्यानं तीच गाडी पुन्हा फिरवली आणि वीस वर्षांनी तो त्या मंचावर उभा राहिला. आपल्याकडं मंच नसतो, श्रोतेहो. पण तुमच्या गावात असा एखादा मिस्त्री घरी बसला असेल, तर त्याच्या दारी जा आणि विचारा, "चाचा, या इंजिनाला काय झालंय?" तो आधी कान लावील. तेवढं त्याला पुरेल.