माकडतापाची कुळकथा

१९५७ सालच्या प्रारंभी म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातून एक चमत्कारिक वार्ता आली. सागर व सोरब तालुक्यांतील रानांत माकडे मरून पडत होती, आणि त्याच रानांत लाकूडफाट्यासाठी जाणारी माणसे कडक तापाने अंथरुणाला खिळत होती. राजधानी बंगळूरपासून थेट दिल्लीपर्यंत चिंता पसरली ती एका शंकेने. माकडांना व माणसांना एकदमच गाठणारा पीतज्वर आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांत परिचित होता. भारतात तो कधीच आला नव्हता. परंतु तो पसरविणारा डास येथे विपुल होता.

या शंकेचे निरसन केले पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने. १९५२ साली स्थापन झालेल्या या संस्थेला मृत माकडांत विषाणू सापडला. पण तो पीतज्वराचा नव्हता. रशियातील अरण्यांत मेंदूज्वर आणणाऱ्या विषाणूचा तो भाऊबंद होता, आणि त्याचे वाहन डास नसून गोचीड होते. सोरब तालुक्यातील क्यासनूर रानाचे नाव या रोगाला मिळाले. कानडी लोक त्याला 'मंगन कायिले' म्हणतात, कोकणात तोच 'माकडताप'.

मग हा रोग तेव्हाच का उद्भवला? कोलंबियाचे शास्त्रज्ञ होर्हे बोशेल यांनी १९६९ साली त्याचा विचार मांडला. रानातील उंदीर, चिचुंद्री आणि गोचीड यांच्यामध्ये हा विषाणू बहुधा पूर्वीपासूनच गुपचूप नांदत होता. भातशेतीसाठी रान तुटले, काठावर झुडपे माजली, आणि गुरे तेथे चरू लागली. प्रौढ गोचिडांना गुरांच्या रक्ताची मेजवानी मिळाली. त्यांची प्रजा अमाप वाढली. त्यांची पिल्ले माकडांना चावली. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरची दूषित गोचिडे तेथेच गळून पडत, आणि पुढे वाटेने जाणाऱ्याला दंश करीत.

पुढील इतिहास या विचाराला बळकटीच देतो. बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी रान तोडल्यानंतर १९८२-८३ साली मोठी साथ आली. २०१५ साली गोव्यातील सत्तरीत व २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात काजूच्या बागांत राबणारे लोकच तापले. बंगळूर येथे तयार होणारी लसही अपुरी ठरून मागे पडली. तात्पर्य, माकड हा या रोगाचा अपराधी नव्हे, तर पहिला बळी होय. त्याचे मरण हा गावाला मिळालेला इशारा असतो. तो वेळीच ओळखणे, हेच शहाणपण.