मागच्या गाडीचा ब्रेक कोणी दाबायचा?

मुंबई-पुणे रस्त्यावर गाडी बंद पडली की टोचन लावतात. दोर बांधायचा, पुढच्या गाडीने ओढायचं आणि मागच्या गाडीत एक माणूस बसवायचा. बघणाऱ्याला वाटतं, तो स्टिअरिंग सांभाळतोय. खरं काम त्याच्या उजव्या पायाचं. पुढची गाडी मंदावली की याने ब्रेक दाबायचा, उतारावर हलका पाय ठेवून दोर ताठ राखायचा. चुकला की पुढच्याचा बंपर गेला. अमेरिकेत मोटरहोमच्या मागे जी मोटार चारही चाकांवर ओढून नेतात, तिच्यात मात्र कोणीच बसलेलं नसतं. दोराच्या जागी लोखंडी टो-बार असतो, त्यामुळे ती पुढच्या गाडीवर आदळत नाही. पण उतारावर तिचं सगळं रेटणं मोटरहोमच्या ब्रेकवर येतं. त्या गैरहजर पायाची सोय या लोकांनी कशी कशी केली, ते सांगते.

माझं माहेर कर्जतचं, म्हणजे ब्रेक हा विषय घरातलाच. १८६३ साली सुरू झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेचा उतार कुठे कुठे ३७ फुटांना १ फूट इतका आहे. उतरणाऱ्या गाडीने कॅच सायडिंगपाशी आधी थांबून दाखवायचं, मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळायचा. ताब्यात नसलेली गाडी आपोआप चढाच्या सायडिंगमध्ये जायची. लग्नानंतर मी इंडियानातल्या साउथ बेंडला आले आणि निवृत्त होईपर्यंत ब्रेकच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. व्हिन्सेंट बेंडिक्सने फ्रेंच अभियंता आंरी पेरो याच्या ब्रेकचे हक्क मिळवून १९२४ मध्ये याच गावात कारखाना काढला होता. तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर एल्कहार्ट. चाकांवरच्या घरांची राजधानी म्हणून ते मिरवतं आणि ते खोटं नाही. एक गाव ब्रेकचं, शेजारचं गाव फिरत्या घरांचं. तरी घरामागच्या मोटारीला ब्रेक हवा, हे सगळ्यांना पटायला इतकी वर्षं लागावीत याचं मला अजून नवल वाटतं.

मोटरहोम हा प्रकार तसा अलीकडचा. मिशिगनमधल्या ब्राउन सिटीच्या रे फ्रँक यांनी १९५८ मध्ये स्वतःच्या कुटुंबासाठी एक गाडी बांधली आणि पुढे डॉजच्या चासीवर ती विकायला काढली. १९६३ च्या जुलैमध्ये खग्रास सूर्यग्रहण बघायला मेन राज्यातल्या हिंकली इथे काही कुटुंबं आपापली ‘घरगाडी’ घेऊन जमली आणि त्यांनी तिथेच संघटना स्थापन केली. ती आजही आहे. १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागो कंपनीने मोटरहोम कारखान्यात एकामागून एक काढायला सुरुवात केली आणि ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं.

आवाक्यात आल्यावर त्याची अडचणही कळली. तळावर पोचून पाणी, वीज, सांडपाण्याचा पाइप जोडला की घर बसलं. मग दूध आणायला काय अख्खं घर न्यायचं? म्हणून मागे लहान मोटार. त्या काळात लोकांची आवडती होती फोक्सवॅगनची बीटल. वजन जेमतेम ८०० किलो, गिअर हाताने टाकायचे, न्यूट्रलमध्ये ठेवली की मैलोन् मैल मुकाट्याने मागून येणारी. तिच्या पुढच्या आसाच्या नळीला टो-बारचे चिमटे बसायचे, तोडफोड काही नाही. एवढ्याशा गाडीला कशाला हवा वेगळा ब्रेक, असं तेव्हा लोक म्हणत. सपाट आयोवात ते चालूनही जायचं.

वास्तविक या प्रश्नाचं उत्तर रेल्वेने शंभर वर्षं आधीच शोधलं होतं, तेही रक्त सांडून. अमेरिकन मालगाड्यांवर ब्रेकमन डब्यांच्या टपावरून धावत एकेका डब्याचं चाक फिरवून ब्रेक लावत. बर्फात, पावसात, रात्रीसुद्धा. कितीजण पडून मेले, किती जणांची बोटं कपलिंगमध्ये गेली. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. पण त्या पहिल्या रचनेत नळी तुटली की ब्रेकच गेला. काही वर्षांतच त्याने उलटा विचार केला: प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी ठेवायची, नळीतला दाब कमी झाला की ब्रेक लागायचा. म्हणजे गाडी मधून तुटली तर दोन्ही तुकडे आपणहून थांबणार. १८९३ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला. मागच्या गाडीचा ब्रेक निवडताना मी अजूनही हीच कसोटी लावते: तुटल्यावर काय होतं?

ट्रेलरवाल्यांचं त्या मानाने सोपं होतं. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटच्या ए. पी. वॉर्नर यांनी चाकात विद्युतचुंबक बसवून ट्रेलरचा ब्रेक विजेवर आणला. पुढून तार ओढली की झालं. मोटारीचं तसं नाही. तिला स्वतःचे उत्तम ब्रेक आधीच असतात, मास्टर सिलिंडरपासून पाइपपर्यंत सगळं जागच्या जागी. नसतो तो फक्त पाय. शिवाय इंजिन बंद असल्यामुळे व्हॅक्यूम बूस्टर दोन-तीनदा दाबल्यावर रिकामा होतो आणि पेडल दगडासारखं घट्ट बसतं.

बीटलची जागा पुढे जीप आणि होंडा सीआर-व्हीने घेतली, म्हणजे ओझं दुप्पट झालं. माझ्या हिशेबाच्या वहीतलं एक उदाहरण देते. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नला उतरताना रस्ता सुमारे ६४० मीटर खाली येतो. १६०० किलोची मोटार तेवढं उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात ३० लिटर पाणी उकळेल. वारा आणि टायर थोडी खातात, बाकीची कुठेतरी जिरायलाच हवी. मागची गाडी आपला वाटा उचलत नसेल तर तो मोटरहोमच्या लायनरला उचलावा लागतो, आणि त्यांच्यावर आधीच आठ-दहा टनांचं घर असतं.

मग पर्याय आले, एकेक करून आणि एकमेकांवर कुरघोडी करत. सगळ्यात साधा होता टो-बारमध्येच सरकणारा भाग बसवायचा: पुढची गाडी मंदावली की मागची पुढे रेटते, त्या रेट्याने एक केबल ओढली जाते आणि मोटारीचं पेडल दाबलं जातं. बोटींच्या ट्रेलरवर ही युक्ती जुनीच. तिथे उलटं जाताना ब्रेक अडकतो अशी तक्रार असते. चारही चाकांवर ओढलेली मोटार घेऊन मोटरहोम उलटं नेताच येत नाही, त्यामुळे ती तक्रार इथे निकालात निघते. डिझेलची मोठी मोटरहोमं आली, त्यांच्यात हवेचे ब्रेक होते, म्हणून टेक्सासच्या एम अँड जी कंपनीने मोटारीच्या बूस्टर आणि मास्टर सिलिंडरच्या मध्ये हवेचा छोटा सिलिंडर बसवला. सुरेख काम. पण नव्या गाड्यांच्या बॉनेटखाली दोन बोटांची जागा उरत नाही, तिथे हे बसत नाही. एअर फोर्स वन नावाचा संच मोटरहोमच्याच हवेवर पेडल ओढतो आणि बूस्टरला व्हॅक्यूमही पुरवतो. आणि ज्यांना कायमचं काही बसवायचं नव्हतं त्यांच्यासाठी आली ब्रेक बडीसारखी खोकी. ड्रायव्हरच्या सीटपुढे ठेवायचं, पेडलला चिमटा लावायचा, सिगारेट लायटरच्या भोकातून वीज द्यायची. वेग किती झपाट्याने कमी होतोय ते खोकं स्वतः ओळखतं आणि तेवढ्या जोराने दाबतं.

या खोक्याला एक गोष्ट फसवायची, आणि तिच्यामागे क्लेसी कमिन्सची कथा आहे. १९३१ मध्ये हा इंजिनवाला आपल्या डिझेल ट्रकमधून अमेरिका ओलांडत होता. कॅलिफोर्नियात कॅहोन खिंड उतरताना ब्रेक गेले आणि पायथ्याशी रूळ ओलांडून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा गेला आणि ट्रक त्याच्या मागून थोडक्यात निसटला. ती भीती त्याने मनात ठेवली आणि म्हातारपणी, इंजिननेच गाडी आवरणारा ब्रेक शोधला. जेकब्स कंपनीने तो १९६१ मध्ये बाजारात आणला. मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये आज तो किंवा त्याचा भाऊबंद असतोच. चालक घाटात ब्रेकवर पायच ठेवत नाही, इंजिन गाडी धरून ठेवतं. पण मागच्या खोक्याला एवढंच कळतं की वेग कमी होतोय. ते आपलं पेडल दाबून धरतं, आणि उतार संपेपर्यंत मोटारीचे ब्रेक धुरावतात. म्हणून खोकं घेताना मी पहिला प्रश्न हा विचारायला सांगते: किती मंदावल्यावर ते जागं होतं आणि ते आपल्याला बदलता येतं का? दुकानदार शांतपणे रंग दाखवायला लागला तर उठून यावं.

कायद्याचं म्हणाल तर तो राज्यागणिक बदलतो. अनेक ठिकाणी ३००० पौंड ही रेघ आहे, चासी बनवणारे आपल्या पुस्तिकेत त्याहून खालचा आकडा लिहितात, आणि लोक दोन्हींतला सोयीचा वाचतात. माझ्या मते कायद्याची वाट बघायचीच नाही. बंपरवरून एक बारीक दोरी मोटारीकडे जाते. मोटार सुटली तर ती दोरी स्विचमधली पिन उपसते आणि ब्रेक लागतो. ती दोरी साखळ्यांना गुंडाळून ठेवलेली मी तळावर कितीदा पाहिली आहे! वेस्टिंगहाउसची सगळी मेहनत त्या एका गाठीत वाया.

आमचं मोटरहोम पेट्रोलचं, म्हणजे हवेची टाकी नाही, इंजिनचा ब्रेक नाही. ह्यांना खोकं हवं होतं कारण ते उचलून दुसऱ्या गाडीत टाकता येतं. मी केबलवाला बार घेतला, त्यात बिघडण्यासारखं काही नाही म्हणून. घाट उतरल्यावर गाडी बाजूला घेऊन मी चाकांचं तापमान बघते. ह्यांना तेव्हा कॉफी हवी असते. आधी चाकं, मग कॉफी.

आता प्रश्नच बदलत चाललाय. होंडाने २०१५ पासून सीआर-व्हीला जो नवा गिअरबॉक्स दिला, त्यानंतर ती चारही चाकांवर ओढायची नाही असं कंपनीच म्हणते. त्यामुळे २०१४ ची जुनी गाडी शोधत लोक राज्यं पालथी घालतात. विजेच्या बहुतेक गाड्यांची चाकं तर फिरू द्यायचीच नाहीत, आतली मोटर वीज करायला लागते. मग काय, अख्खी मोटार ट्रेलरवर चढवायची, आणि ट्रेलरला ब्रेक वॉर्नरच्या चुंबकाचा. ब्रेकपुरतं म्हणाल तर माझी काही तक्रार नाही. पण रिकामा ट्रेलर तळावर उभा कुठे करायचा, याचं उत्तर एल्कहार्टमध्ये अजून मला कोणी दिलेलं नाही.