अमर पाठ असणे

* 'अमर' म्हणजे अमरसिंहाचा 'नामलिंगानुशासन' हा तीन कांडांचा पद्यकोश, अर्थात अमरकोश. जुन्या पाठशाळांत रूपावलीबरोबर तो घोकून घेत, मग कालिदासाचे 'रघुवंश' हाती पडे.

घोकंपट्टी खरी, पण हिशेबी. पाण्याचे जल, वारि, अंबु आणि पयस् हे शब्द एकदा बसले, की 'द' जोडून मेघ (जलद, वारिद, अंबुद, पयोद), 'धि' जोडून समुद्र आणि 'ज' जोडून कमळ. चारांचे डझन होतात! शब्दाचे लिंगही त्याच दमात कळते. रोमन कवी व्हर्जिल वाचण्यासाठी लॅटिन शब्द पाठ करणाऱ्यालाही लिंगाची ही कटकट चुकत नाही.

'रघुवंश'कार कालिदासाच्याच 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत मांडणारे वा. वि. मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. रामटेकला १९९७पासून कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे. — संपा.