चेन ब्लॉक: वजन उचलण्याआधी काय तपासाल?

गॅरेजमध्ये इंजिन उतरवायचे असो किंवा विहिरीतली मोटर वर काढायची असो, चेन ब्लॉक (चेन कप्पी) हवाच. एकटा माणूस त्याच्या मदतीने एक टन वजन उचलू शकतो. पण वजनाचा खरा ताण हाताला जाणवत नाही. तो हूक, साखळी आणि वरच्या आधारावर येतो. म्हणून काम सुरू करण्याआधी पाच मिनिटे डोळ्यांनी नीट तपासणी करणे गरजेचे आहे.

चेन ब्लॉक कसा चालतो?

यात दोन साखळ्या असतात. एक हाताने ओढायची, दुसरी वजन पेलणारी. आतल्या दातेरी चाकांमुळे ओढायची साखळी बरीच ओढल्यावर वजन थोडेसे वर येते, त्यामुळे जोर कमी लागतो. हात सोडला तरी वजन जागेवर राहते ते आतल्या ब्रेकमुळे. लटकलेले वजनच ब्रेकच्या चकत्या घट्ट दाबून धरते आणि एक खटका चाकाला उलटे फिरू देत नाही. उचलताना येणारा ‘टक-टक’ आवाज याच खटक्याचा. तो येत नसेल तर काम थांबवा.

आधी काय पाहाल?

• क्षमता: ब्लॉकवर सुरक्षित भार लिहिलेला असतो. आकडा पुसलेला असेल तर अंदाजाने वापरू नका.

• हूक: तोंड फाकले आहे का, हूक पिळला आहे का, सेफ्टी लॅच आपोआप बंद होते का, ते पाहा. नवीन असतानाच तोंडाचे माप लिहून ठेवले तर फरक लगेच कळतो. फाकलेला हूक ठोकून किंवा तापवून सरळ करू नका, बदला.

• वजनाची साखळी: कडी न् कडी पाहा. तडा, खोल गंजाचे खड्डे, ताणून लांब झालेली किंवा झिजलेली कडी दिसली तर साखळी बाद. मध्ये नटबोल्ट घालून किंवा वेल्डिंग करून जोडलेली साखळी वापरू नका. पीळ असेल तर तो आधी सोडवा.

• ब्रेक: साखळीला तेल लावतात, पण बहुतेक ब्लॉकमधला ब्रेक कोरडाच चालतो. त्याच्या चकत्यांवर तेल गेले तर वजन घसरू शकते.

वरचा आधार किती पक्का?

ब्लॉक दोन टनांचा असला तरी वरचा वासा किंवा तिवई तेवढी मजबूत असेलच असे नाही. वजनाचा हिशोबही पूर्ण करा. दोन इंची पाइपच्या दर मीटरमध्ये सुमारे दोन लिटर पाणी मावते. म्हणजे ३० मीटर भरलेल्या पाइपात साधारण ६० किलो पाणीच असते. पाइप, केबल आणि मोटर वेगळी. मोटर गाळात रुतली असेल तर ताण आणखी वाढतो.

पट्टा दोन बाजूंनी बांधताना त्यातला कोन लहान ठेवा. कोन १२० अंश झाला की प्रत्येक बाजूवर पूर्ण वजनाइतका ताण येतो.

उचलताना

१. वजन हुकाच्या टोकावर नको, मधल्या खोबणीत बसवा. ब्लॉकची साखळीच वजनाभोवती गुंडाळू नका.

२. ब्लॉक वजनाच्या बरोबर वर ठेवा, तिरके ओढू नका.

३. वजन जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटर उचलून थांबा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर ब्रेक खराब आहे. लगेच खाली ठेवा.

४. एका माणसाला साखळी ओढवत नसेल तर दुसऱ्याला हाक मारू नका. वजन जास्त आहे किंवा काहीतरी अडकले आहे, असा त्याचा अर्थ.

५. लटकत्या वजनाखाली हात-पाय घालू नका. इंजिनखाली काम करायचे तर आधी ते स्टँडवर टेकवा.

६. चेन ब्लॉकने माणसाला विहिरीत सोडू नका. हे यंत्र माणसांसाठी बनवलेले नाही.

नियम काय सांगतो?

हाताने चालवायच्या चेन ब्लॉकसाठी आयएस ३८३२ हे भारतीय मानक आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने अशा साधनांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी बंधनकारक केली. शेतावर किंवा छोट्या गॅरेजमध्ये तपासायला कोणी येत नाही. तिथे ही जबाबदारी साखळी हातात घेणाऱ्याचीच. भाड्याने आणलेला ब्लॉकही तपासल्याशिवाय टांगू नका.